देवळातली वाईन, डिकीतली वाईन

चाकणच्या एखाद्या कारखान्यातून जपानला ट्रेनिंगला गेलेला माणूस परत आला, की त्याच्या बॅगेतून काय काय निघणार हे आळंदीत आता शेजारीपाजारीही सांगू शकतात. हिरव्या चहाची चॉकलेटं, वर्षानुवर्षं धार न जाणारं नेलकटर, मुठीत मावणारी घडीची छत्री, आईच्या गुडघ्यांसाठी चिकटपट्ट्या आणि सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी त्याच चिकटपट्ट्यांचं मोठं पाकीट. हे सगळं सतरंजीवर मांडून दाखवलं जातं. एक वस्तू मात्र जर्किनच्या बाहीत गुंडाळलेली असते आणि ती सतरंजीवर येत नाही. बॅग माळ्यावर जाईपर्यंत तो माणूस तिच्या आसपास उगाचच घुटमळत राहतो.

पूर्वी ती वस्तू व्हिस्की असायची. पण जपानी व्हिस्कीचे भाव जगभरच्या शौकिनांनी असे चढवले, की ट्रेनिंगच्या भत्त्यात ती बसेना. आता तिच्या जागी कोशू आली आहे. कोशू म्हणजे जपानच्या यामानाशी प्रांतातली पांढरी वाईन: हलकी, कोरडी, जवळजवळ पाण्याच्या रंगाची, आणि मद्यार्क म्हणाल तर ११-१२ टक्क्यांच्या आसपास.

बाटली घरी आणणं एक वेळ सोपं. ती घरात ठेवायची कुठे, ही खरी अडचण. हे गाव माऊलींचं. इथे रिक्षावाला गिऱ्हाइकाला, फुलवाला भाविकाला आणि ट्रॅफिक हवालदार उलट्या दिशेने येणाऱ्या मोटरसायकलवाल्यालाही ‘माऊली’ म्हणतो. कोशू पिण्याआधी ८-१० अंशांपर्यंत गार करावी लागते, म्हणजे फ्रिज आला. आणि माळकरी घरातला फ्रिज हे देवघराचंच पोटखातं असतं. वरच्या कप्प्यात नैवेद्याचं दूध, त्याखाली विरजणासाठी साठवलेली साय, दारात सॉसच्या पुड्या आणि लिंबाचा रस. दारात एक उभी बाटली सहज मावेल. पण त्या माणसाच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, काय सांगायचं? फिनेल म्हटलं तर ते फ्रिजमध्ये कशाला, आणि सरबत म्हटलं तर त्यांना पेलाभर द्यावं लागणार.

म्हणून बाटली जाते गाडीच्या डिकीत. तिथे स्टेपनीच्या शेजारी, जॅक आणि जुन्या टॉवेलच्या संगतीत, ती आळंदी ते चाकण आणि चाकण ते आळंदी अशी वारी करत राहते. दिवसभर कारखान्याच्या पार्किंगमध्ये उन्हात तापायचं आणि रात्री घराबाहेर गार व्हायचं. हलक्या पांढऱ्या वाईनचे याहून वाईट हाल शत्रूनेही करू नयेत. पण मुलगा तरी काय करणार? गाडीची डिकी ही त्या घरातली एकच जागा अशी आहे, जिथे अण्णांचा हात पोचत नाही.

आता गंमत पाहा. ही वाईन जिथून आली, तिथे ती देवळात असते.

टोकियोच्या पश्चिमेला, रेल्वेने दीड-दोन तासांवर कात्सुनुमा नावाचं गाव आहे. चहूकडे डोंगर, मधल्या खोऱ्यात द्राक्षबागा. तिथे दाइझेन्जी नावाचं बौद्ध मंदिर आहे. त्याची आख्यायिका अशी, की ७१८ साली ग्योकी नावाचा भिक्षू त्या भागात आला, साधनेला बसला आणि त्याला याकुशी न्योराईचं दर्शन झालं. याकुशी म्हणजे आपल्याकडच्या बौद्ध परंपरेतला भैषज्यगुरू, औषधांचा बुद्ध. त्याच्या हातात द्राक्षांचा घड होता. ग्योकीने तशी मूर्ती घडवली, मंदिर उभारलं आणि गावकऱ्यांना द्राक्षं लावायला शिकवलं. लोक आजही त्याला द्राक्षांचं देऊळ म्हणतात. या देवळाची स्वतःची द्राक्षबाग आहे, स्वतःची वाईन आहे, आणि दर्शनाला आलेल्या माणसाला ती तिथेच चाखता येते.

आळंदीकरांनी एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. दाइझेन्जीचं आज उभं असलेलं मुख्य मंदिर १२८६ सालचं आहे. ज्ञानेश्वरी पुरी झाली १२९० साली आणि माऊलींनी आळंदीत समाधी घेतली १२९६ साली. म्हणजे इकडे ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडं आळंदी-पैठण करत होती, त्याच सुमाराला तिकडे सुतार द्राक्षवाल्या बुद्धासाठी छप्पर चढवत होते. ही माहिती एकदा अण्णांच्या कानावर घालावी, म्हणजे फ्रिजचा प्रश्न सुटेल, असं मुलाला वाटून जातं. पण तिकडच्या देवळात चालतं म्हणून इकडच्या घरात चालावं, हा युक्तिवाद आळंदीत कुठल्याही कीर्तनकाराने दोन मिनिटांत मोडीत काढला असता, आणि अण्णा तर रोज कीर्तन ऐकतात.

कात्सुनुमात सगळ्यांना ग्योकीच मान्य आहे असंही नाही. दुसरी कथा सांगते, की ११८६ साली अमेमिया कागेयु नावाच्या माणसाला रस्त्याकडेला एक वेगळाच वेल दिसला, तो त्याने घरी नेऊन लावला आणि तीच कोशू. एका गावात दोन मूळपुरुष, दोघांचेही कट्टर समर्थक. हे वाचून मराठी माणसाला जपान एकदम घरचं वाटू लागतं. शास्त्रज्ञांनी डीएनए तपासून तिसरंच सांगितलं: या द्राक्षाचा मोठा वाटा युरोपीय जातीचा, थोडा पूर्व आशियातल्या रानटी वेलींचा. म्हणजे पश्चिमेकडून रेशीम मार्गाने मजल दरमजल करत, वाटेत चीनमध्ये सोयरीक जुळवून, ते जपानला पोचलं असावं.

औषधांच्या बुद्धाच्या हातात द्राक्षं, ही कल्पना कुणाला विचित्र वाटली तर त्याने महाराष्ट्र सरकारचं परमिट वाचावं. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यानुसार या राज्यात दारू प्यायला परवाना लागतो. तो एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो आणि आजन्मही मिळतो. परवानाधारकाला दारू कशासाठी लागते, तर प्रकृती राखण्यासाठी आणि सांभाळण्यासाठी. परमिट रूममध्ये रात्री अकरा वाजता जी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत असतात, ती कागदोपत्री औषध घ्यायला आलेली असतात. ग्योकीला जे दर्शन झालं, ते आमच्या उत्पादन शुल्क खात्यालाही झालं, फक्त खात्याने त्याला फी लावली.

वाईनच्या बाबतीत तर सरकारने एकदा पुढचंही पाऊल टाकलं. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने ठरवलं, की मोठ्या सुपरमार्केटमध्ये वेगळ्या कपाटात वाईन विकायला हरकत नाही. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळेल. देवळं आणि शाळांजवळची दुकानं त्यातून वगळली होती. या एका अटीवर आळंदीत किती दुकानं पात्र ठरली असती, हे मोजायला एका हाताची बोटंही फार झाली असती, कारण इथे देऊळ नाही तर धर्मशाळा आणि धर्मशाळा नाही तर वेदपाठशाळा लागतेच. संजय राऊतांनी वाईन म्हणजे दारू नव्हे असं सांगितलं, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, आणि महिनाभर महाराष्ट्रात असा एकही माणूस उरला नाही ज्याला वाईनबद्दल मत नव्हतं. चाखलेली किती जणांनी होती, हा प्रश्न चर्चेत आला नाही.

वास्तविक वाईन आळंदीला परकी नाही. आळंदीहून चाकण, राजगुरुनगर, मंचर करत नाशिक रस्त्याने गेलं की नारायणगाव येतं. तिथे शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्राने फेसाळती वाईन करून ती युरोपात विकली. त्या काळात मंचरला लोक बस बदलायला उतरत आणि कांदाभजी खात. रस्त्याच्या पुढच्या टोकाला शॅम्पेनच्या धर्तीवर बाटल्या फिरवल्या जाताहेत, याचा पत्ता अनेकांना नव्हता. पुढे १९९९च्या सुमाराला नाशिकला राजीव सामंतांच्या सुलाने जम बसवला, २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, आणि ज्या नाशकाचं नाव कुंभमेळ्याशी जोडलेलं होतं त्याच्याशी वाईनही जोडली गेली. नाशिकच्या गोदावरीला ते चाललं. आळंदीची इंद्रायणी अजून विचार करते आहे.

जपान्यांनी हा उद्योग कसा उभारला, ते चाकणच्या माणसाला अगदी ओळखीचं वाटेल. १८७७ साली यामानाशीत एक वाईन कंपनी निघाली. कंपनी काढल्यावर लक्षात आलं, की वाईन करता येणारा माणूस आपल्याकडे नाही. मग दोन पोरं निवडली: ताकानो मासानारी, वय २५, आणि त्सुचिया र्युकेन, वय १९. दोघांना फ्रान्सला पाठवलं. वेलींची छाटणी, रस काढणं, आंबवणं, पिंपं सांभाळणं हे सगळं शिकून ते १८७९ साली परतले. थोडक्यात, परदेशी प्लांटमध्ये ट्रेनिंग घेऊन या आणि इथली लाईन सुरू करा. आज जपानी साहेब चाकणच्या पोरांना तेच सांगतात. बॅगेतून त्या दोघांनी काय काय लपवून आणलं असेल, ते त्यांच्या आयांनाच ठाऊक.

आणि बागा? सांगली-नाशिकच्या बागाईतदाराला डोळे बांधून कात्सुनुमात सोडलं आणि पट्टी काढली, तर पहिली काही मिनिटं त्याला आपण परदेशात आहोत हे कळणार नाही. वर मांडव, मांडवाखाली लोंबणारे घड आणि मान वर करून काम करणारी माणसं. फरक नंतर दिसेल. तिकडे घड पिकायच्या दिवसांत पाऊस असतो, म्हणून प्रत्येक घडाच्या डोक्यावर मेणकागदाची छोटी टोपी बसवतात. एकेका घडाला एकेक. आपल्याकडे अवकाळी आला की शेतकरी आधी आभाळाकडे बघतो, मग पंचनाम्याला येणाऱ्या तलाठ्याची वाट बघतो. तिथे घडाच्याच डोक्यावर छत्री. कोशूचं द्राक्ष पिकलं की फिकट गुलाबी-जांभळट दिसतं, पण रस बिनरंगी, म्हणून वाईन पांढरी. २०१० साली द्राक्ष आणि वाईनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत कोशूचं नाव चढलं आणि युरोपात जाणाऱ्या बाटलीवर ते छापता येऊ लागलं. २०१४ साली ‘डिकँटर’ मासिकाच्या स्पर्धेत ग्रेस वाईनच्या कोशूने सुवर्णपदक घेतलं. इतक्या मानाची बाई आळंदीत स्टेपनीशेजारी निजते.

तर आता चाखायची वेळ. दिवस ठरवणं हेच मोठं काम. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, पण गुरुवार दत्ताचा. शनिवार मारुतीचा. दोन एकादश्या, एक संकष्टी, सगळा श्रावण आणि त्यावर सरकारचे ड्राय डे: आषाढी, कार्तिकी, २ ऑक्टोबर, आणि दारूबंदी सप्ताह संपतो तो ८ ऑक्टोबर. या सगळ्यातून गळून जे उरतात, त्यात दाजींना वेळ नसतो. दाजी म्हणजे मुलाच्या थोरल्या बहिणीचे यजमान, चाकणच्या बाजारात कांदा-बटाट्याचे अडते. शेवटी एका बुधवारी, फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर, मोशीला एका मित्राच्या फ्लॅटवर बैठक ठरते. हजर: मुलगा, त्याची बायको, मित्र आणि दाजी. बाटली दुपारपासून मित्राच्या फ्रिजमध्ये. अण्णांना सांगितलंय, मोशीला सत्यनारायण आहे.

देठाचे ग्लास कुणाकडेच नाहीत. मित्राकडे चहाचे काचेचे कप आहेत, ते निघतात. मुलगा क्वालिटी विभागात असल्यामुळे चाखायची पद्धत तो चेकशीटवरूनच सांगतो: आधी रंग बघायचा, मग कप फिरवून वास घ्यायचा, मग थोडी तोंडात घोळवायची, घाई करायची नाही. दाजी ऐकून घेतात, ‘बरं’ म्हणतात आणि कप एका घोटात रिकामा करतात.

“पाव्हणं, ही चालू व्हायला किती वेळ लागतो?”

“दाजी, ही चालू होत नसते. ही चाखायची.”

“मग चाखली की. द्राक्षाच्या पेटीवरनं पाणी ओतून खाली कप धरल्यागत लागतीय. सोडा टाकू का?”

दाजींचं चुकतं असं म्हणता येत नाही. आपल्याकडे दारूची परीक्षा एकाच प्रश्नावर होते: लागते का? जिचा घोट घशाखाली उतरताना डोळे मिटावे लागतात, ती अस्सल. कोशू या परीक्षेत पहिल्याच पेपरला नापास होते. तिच्यात घशाला जाळणारं काही नाही, नाकात भसकन शिरणारं काही नाही. जपानी पाहुणा घरात शिरताना चपला काढून, त्यांची तोंडं दाराकडे वळवून, हळूच आत येतो, तशी ती येते. ज्याच्या घरात आधीच टीव्ही मोठ्याने चालू आहे, त्याला कुणी आलं हे कळतच नाही.

कळतं ते मुलाच्या बायकोला. ती कप नाकापाशी धरून बराच वेळ बसते. “पपनस,” ती म्हणते. मग दुसरा घोट घेते. “आणि शेवटी पपनसाची ती पांढरी साल असते ना, ती खाल्ल्यावर येतो तसला कडवटपणा. अगदी थोडासा.” बाटलीमागच्या कागदावर मुलाने ट्रेनिंगमध्ये शिकलेल्या जपानीच्या जोरावर जे वाचून दाखवलं, ते युझु नावाचं आंबट फळ आणि पांढरी पीच. दोन्ही तिने आयुष्यात पाहिलेली नाहीत. पण कोशूच्या सालीमुळे शेवटी किंचित कडसर चव रेंगाळते, हे तज्ज्ञही सांगतात. म्हणजे बैठकीतली एकमेव खरी पारख जिने केली, तिला घरून निघताना ‘तू येऊन काय करणार’ असं विचारण्यात आलं होतं.

आता चकणा. कोशू जपान्यांची माशांबरोबरची वाईन. का, याचाही अभ्यास झालेला आहे. मर्सियन या जपानी वाईन कंपनीच्या संशोधकांनी २००९ साली दाखवून दिलं, की वाईनमध्ये लोह जास्त असेल तर माशांबरोबर ती उग्र हिवस लागते. म्हणून सुशीशेजारी लाल वाईनपेक्षा कोशूसारखी हलकी पांढरी बरी. मित्राने हे आधीच वाचून ठेवलं होतं आणि त्याप्रमाणे मासवडी मागवली होती.

मासवडी ही खेड-आंबेगाव-जुन्नर भागाची शान. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर भाजलेलं खोबरं, तीळ, खसखस, कांदा, लसूण, कोथिंबीर यांचं सारण पसरायचं, फडक्यानेच गुंडाळी करून दोन्ही बाजूंनी दाबून माशासारखा आकार द्यायचा आणि वड्या पाडायच्या. मासा तिच्यात औषधालाही नाही. म्हणजे लोहाचं ते सगळं संशोधन या टेबलावर वाया गेलं. पण रश्शाशिवाय नुसती वडी तोंडात टाकून वर कोशूचा घोट घेतला, तेव्हा चौघंही थोडे गप्प झाले. खसखस-खोबऱ्याचा तेलकट गोडवा आणि तो पपनसाचा आंबटपणा एकमेकांना धरून राहिले. दाजींनी दुसरी वडी नुसतीच घेतली, सोड्याची बाटली न मागता बाजूला सारली, आणि ‘हां’ म्हणाले. चाकणच्या बाजारात लिलावाला उभा असलेला अडत्या ‘हां’ म्हणतो, तेव्हा माल खरेदी झालेला असतो.

मग मित्राने रस्सा आणला. काळ्या मसाल्याचा, वर तर्रीचा थर असलेला. दाजींनी भाकरी कुस्करली, ओरपला, आणि त्यावर कोशू घेतली. कोशू नावाचं काही तोंडात आलं होतं, याचा मागमूस राहिला नाही. यामानाशीच्या संशोधकांना यावर पेपर लिहायचा असेल तर मोशीत नमुने उपलब्ध आहेत.

बाटली संपली तेव्हा कुणालाही चढली नव्हती. चौघांत ७५० मिलिलिटर, त्यातही दाजींचा वाटा मोठा. मुलगा कपांबद्दल दिलगिरी व्यक्त करू लागला, तर बायकोने मोबाईलवर शोधून दाखवलं की कात्सुनुमातले शेतकरी वाईन चहाच्या कपातूनच पितात, आणि तीही साके या जपानी दारूच्या मोठ्या बाटलीतली. ती बाटली १.८ लिटरची असते. विमानाने परदेशातून येताना माणशी २ लिटरपर्यंत मद्य बिनकराचं आणता येतं. दुकानातून रीतसर घ्यायला जावं तर आयातीवर सीमाशुल्कच दीडशे टक्के.

हे आकडे ऐकून दाजी सरळ होऊन बसले. लहान बाटल्या दोन आणल्या तर अर्धा लिटर कोटा वाया, तीन आणल्या तर पाव लिटर शुल्काला पात्र. मोठी एकच आणली तर फक्त २०० मिलिलिटरची तूट. मुलगा म्हणाला, भरलेली बाटली काचेसकट जवळजवळ तीन किलोची, शिवाय फुटली तर सगळ्या कपड्यांना आंघोळ. दाजींनी ते ऐकलंच नाही. तीन किलो त्यांच्या हिशेबी वजनातच धरत नाहीत. त्यांनी खिशातली अडतीची वही काढली, मागच्या कोऱ्या पानावर ‘१.८’ लिहिलं, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि विचारलं,

“तुमच्या कंपनीतली पुढची बॅच जपानला कधी जाती? आणि नावं कोण ठरवतं?”